तीनची कँडल

१

शेअर बाजार सव्वानऊला उघडायचा, पण श्रेयस नऊलाच माडीवर जाऊन बसायचा. खाली तंबाखूची वखार, वर ही एक खोली. खोलीत टेबल, फिरती खुर्ची, भिंतीवरचा मोठा स्क्रीन आणि अण्णाचा लॅपटॉप. खुर्चीच्या पाठीवर अण्णाचा टॉवेल होता तसाच होता. त्याला हात लावू नका असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी कुणी लावला नव्हता.

सन्मती जाऊन सहा आठवडे झाले होते. श्रेयसचा तो थोरला भाऊ, त्याचा अण्णा, नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळं अर्धा बापच. श्रेयसनं नववीत शाळा सोडली तेव्हा निपाणीतल्या सगळ्या भावकीनं तोंडसुख घेतलं. सन्मतीनं फक्त विचारलं, मग आता काय करणार? आणि त्याला माडीवर नेऊन शेजारच्या स्टुलावर बसवलं.

त्या स्टुलावर श्रेयस जे शिकला ते तीन गोष्टींत संपत होतं. भाव चढला की चार्टवरची उभी पट्टी, म्हणजे कँडल, हिरवी. पडला की तांबडी. आणि तिसरी गोष्ट अण्णा रोज सांगायचा, की कँडल बंद होईपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. पंधरा मिनिटांची एक कँडल. तेवढा वेळ ती स्क्रीनच्या उजव्या कडेला जिवंत असते, वाढते, आखडते, हिरवी होते, तांबडी होते. पंधरा मिनिटं भरली की गोठते. मग ती कायमची. तिच्या शेजारी दुसरी सुरू होते.

"भाकरी तव्यावर हाय तवर तिला भाकरी म्हनू नको," अण्णा म्हणायचा. "खाली उतरली की म्हन."

बाकीचे लोक सॉफ्टवेअरमध्ये आयते मिळणारे इंडिकेटर लावायचे. अण्णा स्वतःचा लिहायचा. बाजार मिटल्यापासून दिवस मावळायच्या आत आई जेवायला हाक मारेपर्यंत त्याची बोटं चालू असायची. त्याचा इंडिकेटर चार्टवर छोटे त्रिकोण काढायचा. भाव वर जाणार असेल तर कँडलखाली हिरवा, पडणार असेल तर कँडलच्या डोक्यावर तांबडा. आणि अण्णाचा नियम त्यातही होताच. बार बंद झाला असेल, म्हणजे कँडल पुरी झाली असेल, तरच खूण कर, अशी एक ओळ त्यानं मधोमध घातली होती.

कोड इंग्रजीत असायचा, पण प्रत्येक ओळीच्या वर अण्णा दोन तिरप्या रेघा ओढून मराठीत लिहायचा, खालची ओळ काय करते ते. दोन तिरप्या रेघांच्या पुढचं कॉम्प्युटर वाचत नाही. श्रेयसनं एकदा विचारलं होतं, मग लिहितोस कशाला? अण्णा म्हणाला होता, तू वाचतोस की.

आता श्रेयस नुसता बसायचा. सौदा करायची त्याची टाप नव्हती. चार्ट सुरू असला की खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं, एवढंच. त्याला एका जागी बसवत नसे. खुर्चीवरून उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. आणि रोज एकदा चार्ट मागं सरकवत बारा मार्चला नेऊन ठेवायचा. त्या बुधवारच्या पंचवीस कँडल्या त्याला जपमाळेच्या मण्यांसारख्या पाठ झाल्या होत्या.

एप्रिल संपत आला होता. मंगळवारी अकराच्या सुमारास त्यानं नेहमीसारखा चार्ट मागं सरकवला, आणि त्या पंचवीसातली एक हलताना दिसली.

२

आधी त्याला वाटलं माशी आहे. त्यानं टॉवेल सोडून हाताला लागलं ते वर्तमानपत्र उचललं आणि स्क्रीनवर झटकलं. माशी नव्हती.

कँडल तांबडी होती. तिचं खालचं टोक थोडं उतरायचं, थांबायचं, पुन्हा थोडं वर यायचं. आजूबाजूच्या चोवीस दगडासारख्या गप्प. त्यानं बोट लावून पाहिलं. काच गार होती आणि बोटाखाली ते टोक हलत होतं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं.

त्यानं लॅपटॉप बंद केला, चालू केला. तीच कँडल, तेच हलणं. नेट गेलं असेल, साठलं असेल काहीतरी, असं स्वतःला सांगितलं. नेट बंद करून पाहिलं. आजची कँडल जागच्या जागी थिजली. मागची थिजली नाही.

मग त्यानं तिच्यावर माऊसचा बाण नेला. वेळ दिसली. बारा मार्च, तीन ते सव्वातीन.

श्रेयस खुर्ची मागं ढकलून उभा राहिला. तीन वाजून अकरा मिनिटांनी तवंदी घाटात, निपाणीपासून सहा किलोमीटरवर, एका ट्रकखाली सन्मती गेला होता. पंचनाम्यात तीच वेळ होती. कारण घड्याळ फुटून तिथंच थांबलं होतं.

गावाला ठाऊक होतं ते एवढंच, की श्रेयसच्या गाडीतलं पेट्रोल घाटात संपलं, त्यानं भावाला फोन केला, आणि भाऊ बाटली घेऊन निघाला. आई दुखवट्याला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायची. "आलोच आई, म्हनला आन् गेला. वर बगितलं पन न्हाई मी. तांदूळ निवडत बसलते."

तिनं तेव्हापासून ताकाचा पेला ठेवायचं मात्र बंद केलं नव्हतं. बाजार चालू असताना दार उघडलेलं अण्णाला खपत नसे, म्हणून ती रोज तीनच्या आधी वरून तिसऱ्या पायरीवर पेला ठेवून जायची. अण्णा साडेतीनला उतरताना प्यायचा. आता श्रेयस प्यायचा. 

त्या दिवशी साडेतीनला श्रेयस उतरला तेव्हा पेला रिकामा होता. तळाशी ताकाचं पांढरं कडं ओलं होतं.

मांजर, तो म्हणाला. वखारीत उंदरांसाठी मांजर होतंच. पण मांजर पेला उभा ठेवून पीत नाही, हे त्याला पेला घासताना सुचलं.

३

रविवारी समर्थ आला. कंग्राळीचा, अण्णाचा बेळगावातला कॉलेजचा दोस्त. आता कुठल्याशा कंपनीत कोड लिहायचं काम करायचा. श्रेयसनं फोनवर नीट काही सांगितलं नव्हतं, लॅपटॉप बिघडलाय म्हणाला होता.

समर्थनं आधी आईजवळ बसून घेतलं. मग वर आला. खुर्चीकडं पाहिलं आणि स्टुलावर बसला.

"कुठली म्हनतोस?"

श्रेयसनं दाखवली. समर्थ बघत राहिला. रविवार होता. बाजार बंद. साऱ्या देशात एक शेअर इकडचा तिकडं होत नव्हता. कँडलचं टोक उतरलं, थांबलं, वर आलं.

समर्थनं आधी शहाण्या माणसानं जे करावं ते सगळं केलं. आपला लॅपटॉप उघडला, आपल्या खात्यातून तोच चार्ट काढला. तिथं कँडल गप्प होती. त्याच्या तोंडावर हसू आलं. मग त्यानं अण्णाचा कोड उचलून आपल्या चार्टवर टाकला, आणि हसू राहिलं तसंच पण डोळे बदलले. त्याच्याही चार्टवर ती हलायला लागली होती. त्यानं घाईनं कोड काढला. मग चौसष्टच्या चौसष्ट ओळी बोट ठेवून वाचल्या.

"ह्यात काय न्हाय रं," तो म्हणाला. "साधा हिशेब हाय. आन् इंडिकेटर नुसती खूण करतो. कँडल हलवायची सोयच नसती त्याला."

"मग?"

"मग काढून टाक हे. एक बटन दाबायचं, संपलं."

श्रेयस उठून खिडकीशी गेला. खिडकीबाहेर वखारीचा पत्रा उन्हानं तापून कटकट वाजत होता. समर्थनं त्याच्याकडं पाहिलं, आणि बहुतेक विषय बदलावा म्हणूनच म्हणाला, "मला एक कळंना बग. माझ्या लग्नाच्या अक्षता साडेबाराच्या हुत्या. ह्यो गडी साडेतीनला बाजार मिटवून निघाला, साडेपाचला पोचला. नवरा-नवरीच्या आधी आचाऱ्याला भेटला. तसला मानूस तीन वाजता खुर्चीवरनं उठलाच कसा? तू काय म्हनलास त्याला?"

"पेट्रोल संपलं म्हनलो."

"पेट्रोल," समर्थ म्हणाला. त्यानं पुढं विचारलं नाही. चहाही न घेता गेला. जाताना जिन्यात पुन्हा एकदा सांगून गेला, काढून टाक.

पेट्रोल संपलेलं नव्हतं. हे तिघांना ठाऊक होतं. श्रेयसला आणि त्याच्या दोन दोस्तांना. ते तिघं त्या दुपारी घाटातल्या रसवंतीवर बसले होते. दोस्तांपैकी एकजण म्हणाला, तुझ्या अण्णाचं घर पेटलं तरी तो साडेतीनच्या आत उठायचा नाही. श्रेयस म्हणाला, मी उठवतो. पैज लागली. त्यानं फोन लावला. रसाच्या यंत्राचे घुंगरू वाजत होते. ते ऐकू जाऊ नयेत म्हणून फोनच्या तोंडाभोवती तळहाताची ओंजळ धरली, आणि रडका आवाज काढून म्हणाला, "अण्णा, माझा अपघात झालाय. तवंदी घाटात. लवकर ये."

"थांब तिथंच. आलो," अण्णा म्हणाला.

एकोणीस सेकंद. फोन ठेवून श्रेयस हसला होता. बघा, आता येतोय, म्हणाला होता.

आयुष्यभर प्रत्येक कँडल बंद होईपर्यंत थांबणारा माणूस त्या एका वेळी थांबला नव्हता.

४

सोमवारी तो काढून टाकायच्या तयारीनंच वर गेला. बाण बटणावर नेला. बोट उचललं. आणि मनात आलं ते असं आलं की त्याचं त्यालाच हसू फुटलं, फार दिवसांनी.

बंद झालेली नाही.

एवढे दिवस तो त्या कँडलला घाबरत होता, आणि तिचं सांगणं साधं होतं. सगळ्या बंद झाल्या, ही झाली नाही. भाकरी अजून तव्यावर आहे. मग झालं असं कोण म्हणतो? पंचनामा म्हणतो, आई म्हणते, भिंतीवरचा हार घातलेला फोटो म्हणतो. अण्णाचं शिकवणं काय होतं? बंद होईपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही.

मग त्याला वाटलं, ह्या कँडलला त्रिकोण कुठला येईल? हिरवा की तांबडा? इंडिकेटर सांगत नव्हता, कारण ती ओळ आड येत होती. बार बंद झाला असेल तरच. त्यानं कोड उघडला. अण्णानं त्याच्यासाठी मराठीत लिहिलेलं वाचत वाचत खाली गेला. ती ओळ सापडली. तिच्यावर अण्णानं लिहिलं होतं, 'ही ओळ कधी काढायची नाही.'

काढली नाही. तिच्याआधी दोन तिरप्या रेघा ओढल्या. आता कॉम्प्युटरला ती दिसणार नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते. खाली वखारीत बायका पानं गठ्ठ्यात बांधत होत्या, त्यांचं बोलणं जिन्यानं वर येत होतं. त्यानं कोड चार्टवर चढवला.

बारा मार्चच्या त्या कँडलच्या डोक्यावर तांबडा त्रिकोण आला. लगेच गेला. खाली हिरवा आला. गेला. श्रेयस पुढं वाकला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की त्यानं आजचा चार्टही शेजारी उघडाच ठेवला होता, आणि आजच्या जिवंत कँडलवरही त्रिकोण तसेच येत-जात होते. हिरवा तिथं आला की इथं. तांबडा तिथं आला की इथं. दोन्ही कँडल्या एका लयीत वर-खाली होत होत्या.

खालचं बोलणं थांबलं. नेमकं कधी थांबलं ते त्याला सांगता आलं नसतं.

टेबलाच्या खणात अण्णाचा फोन वाजला.

तो फोन पोलिसांनी परत दिलेला होता, काच तडकलेला. रोज चार्ट उघडताना त्यातल्या एका अ‍ॅपवर, सिमशिवायही, दिसणारा आकडा घालावा लागायचा, म्हणून श्रेयस तो चार्ज करून ठेवायचा. सिमकार्ड त्यात नव्हतंच. ते कधीच काढून झालं होतं.

त्यानं खण ओढला. तडकलेल्या काचेखाली नाव दिसत होतं. श्रेयस. वर त्याचाच स्तवनिधीच्या जत्रेतला फोटो, अण्णानं काढलेला.

त्याचा स्वतःचा फोन शर्टाच्या खिशात होता. त्यानं काढून पाहिला. काळा, गप्प. खणातला वाजत राहिला. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. वाजला, वाजला आणि थांबला.

मग त्यानं धीर करून फोनमधली यादी पाहिली. आताच्या कॉलची नोंद नव्हती. सगळ्यात वरची नोंद बारा मार्चचीच होती. तीन वाजून दोन मिनिटं, एकोणीस सेकंद.

सव्वातीनला आजची कँडल बंद झाली. ती नाही झाली.

५

मंगळवारी सकाळपासून त्याचे ओठ हलत होते. मी येत न्हाय. फोन पुन्हा वाजला की अण्णाच्या जागी एवढंच म्हणायचं होतं. मी येत न्हाय, तू खोटं बोलाय लागलास. ते म्हटलं की अण्णा खुर्चीवरून उठणार नव्हता. साडेतीन वाजले असते, अण्णा खाली येताना ताक प्याला असता, आणि घाटातून आलेल्या श्रेयसला त्यानं चार शिव्या दिल्या असत्या. पुढं सगळं सरळ होतं. त्याचं डोकं त्याला सांगत होतं की हे वेड आहे, सिम नसलेला फोन वाजत नाही, दीड महिना नीट झोप नाही, पोटात अन्न नाही. तो डोक्याला म्हणत होता, व्हय, खरं हाय तुझं. आणि ओठ हलतच होते.

वखारीतून जाताना मालुबाईनं त्याला पकडलं. ती तिथं वीस वर्षं पानं बांधत होती आणि मालकालाही सोडत नसे.

"कुनाला न्हाय न्हाय म्हनतोस रं मघाधरनं? पोरगी सांगून आलीया व्हय? लई श्रीमंताची दिसती."

बायका हसल्या. तोही हसला. मग मालुबाईनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि हसायची थांबली. म्हणाली, मालकीणबाईंना सांगून दोन दिस खानापूरला मामाकडं जाऊन ये. तो हो म्हणाला.

आई सोप्यात सूप घेऊन बसली होती. तिनं त्याला बळंच दोन घास खायला लावले. मग पेला भरून जिन्याकडं गेली, तिसऱ्या पायरीवर ठेवून आली, आणि सुपात तांदूळ घेऊन जिन्याकडं पाठ करून बसली.

पावणेतीनला तो वर गेला. दार लावलं. फोन टेबलावर ठेवला. स्क्रीनवर दोन्ही चार्ट शेजारी शेजारी, दोन्हींवर त्रिकोण लुकलुकत होते. पंखा फिरत होता आणि टॉवेलचं टोक हलत होतं. तीन वाजले. आजची नवी कँडल सुरू झाली, अगदी बारीक रेघ.

तीन वाजून दोन मिनिटांनी त्यानं फोन पहिल्याच घंटेला उचलला आणि स्पीकर लावला.

"अण्णा, माझा अपघात झालाय. तवंदी घाटात. लवकर ये."

त्याचाच आवाज. रडका, आणि त्याला आता स्वच्छ ऐकू येत होतं, खोटा. आपला आवाज इतका खोटा होता आणि अण्णाला तो कळला नाही? की कळला होता, आणि तरीही?

"मी येत न्हाय," श्रेयस म्हणाला. आवाज जाड आला, त्याला स्वतःलाच अनोळखी. "तू खोटं बोलाय लागलास. मी येत न्हाय."

पलीकडं शांत झालं. ह्या जागी त्या दिवशी काही नव्हतं. त्या दिवशी अण्णानं आलो म्हटलं होतं आणि फोन संपला होता. ही शांतता नवी होती. श्रेयसनं कान दिला. ट्रक गेल्याचा आवाज आला. घुंगरू नव्हते. रसवंतीवर बसून कुणी फोन केला असता तर घुंगरू ऐकू आले असते.

"अण्णा?"

आता आवाज खोटा नव्हता. लहानपणी श्रेयस एकदा वखारीत गठ्ठ्यांच्या थप्पीमागं पडून अडकला होता. सगळं घर शोधत होतं आणि अंधारातून त्यानं अशीच हाक मारली होती, हळू, कारण जोरानं मारायची भीती वाटत होती. अण्णानं ती ऐकली होती. दुसऱ्या कुणी ऐकली नव्हती.

"अण्णा, खरंच झालाय. पाय दिसंना मला माझा."

स्क्रीनवर दोन्ही कँडल्या खाली जायला लागल्या. थांबत नव्हत्या, वर येत नव्हत्या. तांबड्या दोन रेघा सरळ खाली उतरत होत्या. वरचे त्रिकोण लुकलुकायचे थांबले होते. दोन्ही तांबडे.

"अण्णा, ये की रं."

मी येत नाही म्हटलं आणि हे असं झालं, त्याला वाटलं. तिकडं तो पडलाय आणि त्याचा भाऊ म्हणतो येत नाही. अण्णानं असं कधी म्हटलं नसतं. खोटं असतं तरी म्हटलं नसतं. थांबायला पाहिजे होतं. सव्वातीनपर्यंत थांबलं की कँडल बंद होईल, मग काय ते कळेल. पण पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं, एकेक, मोजून घेतल्यासारखा.

"थांब तिथंच," श्रेयस म्हणाला. "आलो."

फोन त्यानं तसाच चालू शर्टाच्या खिशात टाकला. गाडीची किल्ली उचलली, दार उघडलं, आणि जिन्यावरून उतरताना तिसरी पायरी पेल्यासाठी ओलांडली. खालच्या पायरीवर धप्पकन पाय पडला. अण्णाचा असाच पडायचा. रोज.

आईनं मान वर केली नाही. बोटं तांदळात होती.

"सन्मती, साडेतीन वाजलं न्हाईत अजून. कुठं निघालास रं?"

"आलोच आई," तो म्हणाला.

म्हटल्यावर उंबऱ्यात त्याचा पाय अडखळला. पण खिशातला श्वास चालू होता, आणि तो थांबला नाही.

६

हमरस्ता उन्हानं पांढरा पडला होता. त्यानं गाडी पिळली. वारा कानात भरला तरी खिशातला आवाज येत होता, कारण तो छातीवरच होता. अण्णा, ये. अण्णा, ये. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजून आठ. त्याला गाडीवर बसून वेळ पाहायची सवय नव्हती. ती अण्णाला होती.

घाटाचा चढ लागला. पुढं एक ट्रक, त्याच्या पुढं दुसरा. त्यानं एकाला मागं टाकलं. दुसऱ्याला टाकायला उजवीकडं काढली. वळण आलं, आणि वळणाच्या पलीकडं, डाव्या हाताला, चिंचेखाली ती रसवंती दिसली.

गेले सहा आठवडे ती बंद होती. अपघातानंतर मालकानं गाडा हलवला होता, श्रेयसनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिथं गाडा होता. बाकावर तिघं बसले होते. दोघांची तोंडं रस्त्याकडं होती. तिसऱ्याची पाठ होती. लाल टी-शर्ट, मान खाली, कानाशी फोन, आणि फोनभोवती तळहाताची ओंजळ.

त्याला सगळं एकदम आठवलं. त्या दुपारी घातलेला आपला लाल टी-शर्ट. घुंगरू का ऐकू आले नाहीत ते.

लाल टी-शर्टातले खांदे गदगदत होते. रडल्यासारखे. मग त्या पोरानं ओंजळ काढली. श्रेयसच्या छातीवर, अण्णाच्या फोनमध्ये, घुंगरू खळखळून वाजले आणि त्यावर कुणीतरी हसलं.

"बघा," आवाज म्हणाला. "आता येतोय."

तो पोरगा मागं वळून बघायला लागला. श्रेयस त्याचं तोंड दिसण्याची वाट बघत राहिला. रस्त्याकडं बघायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. कुठूनतरी, फार जवळून, हॉर्नचा लांब आवाज सुरू झाला होता.

सव्वातीनला अजून चार मिनिटं होती.